हवा-इंधन गुणोत्तर मापक : चुकीच्या आकड्यांचे निदान

मोटारीच्या इंजिनात हवा आणि इंधन कोणत्या प्रमाणात जळते आहे, हे चालत्या गाडीत दाखवणारे उपकरण. गॅरेजमध्ये त्याला सरसकट एएफआर मीटर म्हणतात. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा मिळाली, की दोन्ही पुरेपूर वापरले जातात. या स्थितीला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली तर गाडी ‘लीन’ चालते, इंधन जास्त झाले तर ‘रिच’. नाशिकमध्ये हे मीटर मुख्यतः रॅलीसाठी तयार केलेल्या, टर्बो बसवलेल्या किंवा जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर दिसते.

निदानाचा पाया एकच आहे. हे मीटर इंधन मोजत नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला किंवा कमी पडला, एवढेच त्याचा सेन्सर ओळखतो आणि बाकीचा हिशेब मीटरमध्ये होतो. त्यामुळे विचित्र आकडा दिसला की आधी आकडा खरा आहे का हे पाहावे, मग इंजिनाला हात लावावा. हा क्रम उलटा झाला की चांगले इंजेक्टर आणि पंप विनाकारण बदलले जातात.

मिसिंगचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. एका सिलिंडरचा स्पार्क चुकला, तर तिथली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर पडतात. सेन्सरला त्यातला मोकळा ऑक्सिजन कळतो आणि मीटर १६-१७ दाखवते, म्हणजे लीन. फिटर इंधन वाढवतो, मिसिंग आणखी वाढते, आकडा तिथेच राहतो. अशा वेळी प्लग काढून पाहावेत. तीन प्लग कोरडे, फिकट तपकिरी आणि चौथा ओला, पेट्रोलचा वास येणारा निघाला, तर दोष कॉइलचा, प्लगचा किंवा वायरचा आहे, मिश्रणाचा नाही.

तसाच चकवा एक्झॉस्टच्या गळतीचा. मॅनिफोल्डचे (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या पाइपाचे) गॅस्केट किंवा सेन्सरच्या अलीकडचा जोड सैल असेल, तर धूर बाहेर येतोच. पण धुराच्या दोन लाटांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना मंद फिरणाऱ्या इंजिनावर, आकडा लीन दिसतो आणि आरपीएम वाढवले की सुधारतो. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेण्याच्या बाजूची व्हॅक्यूम गळतीही नेमकी अशीच वागते. दोन्ही वेगळ्या करण्यासाठी स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (गाडीचा संगणक इंधनात करत असलेली दुरुस्ती) पाहून भागत नाही, कारण गाडीचा स्वतःचा सेन्सरही त्याच गळतीने फसू शकतो. धूर सोडून गळती शोधणारे यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्टच्या जोडांवर साबणाचे पाणी लावावे; बुडबुडे आले तर गळती सापडली.

भार पडल्यावर, म्हणजे चढावर किंवा पूर्ण ॲक्सिलरेटरवर आकडा लीन होत असेल, तर संशय इंधनपुरवठ्यावर घ्यावा : तुंबलेला फिल्टर, दमलेला पंप. सतत रिच असेल, तर गळका इंजेक्टर, फाटलेला प्रेशर रेग्युलेटर किंवा इंजिन थंडच आहे असे सांगणारा तापमान सेन्सर. ॲक्सिलरेटर सोडून उतारावरून येताना आकडा एकदम टोकाला जातो, तो दोष नव्हे. तिथे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन बंदच करतो. निफाडच्या थंडीत पहाटे गाडी सुरू केल्यावर काही वेळ ११-१२ दिसणेही स्वाभाविक आहे.

इंधनाचा प्रश्न आता महत्त्वाचा झाला आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचे (ई-२० चे) पूर्ण ज्वलनाचे गुणोत्तर सुमारे १३.५ आहे, सीएनजीचे १७ च्या आसपास. पण पेट्रोलच्या मापावर लावलेले मीटर लॅम्डा १ ला नेहमी १४.७ च दाखवते, टाकीत काहीही असो. म्हणून ई-२० वर १४.७ दिसले तर घाबरू नये आणि १३.५ दिसावे म्हणून गाडी रिचही करू नये. मीटर लॅम्डावर ठेवणे सर्वांत शहाणपणाचे.

कार्ब्युरेटरच्या गाडीला हा बदल स्वतःहून सांभाळता येत नाही. शुद्ध पेट्रोलवर बसवलेले जेट (इंधन सोडणारी बारीक छिद्रे) ई-२० वर सुमारे सात टक्के लीन पडतात. दुसरीकडे नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. कसारा घाट चढून आलेल्या मुंबईच्या गाडीला इथे हवा विरळ मिळते आणि मिश्रण साधारण तीन टक्के रिच होते. दोन्ही परिणाम विरुद्ध दिशेचे असल्याने, मुंबईत शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या जुन्या गाडीचा आकडा नाशिकला ई-२० वर थोडा वेगळा येणारच; त्यात मीटरचा दोष शोधू नये.

आता खुद्द मीटर. अरुंद पल्ल्याचा सेन्सर सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये लॅम्डा १ च्या अलीकडे की पलीकडे एवढेच सांगतो. त्यावर आकड्यांचे मीटर चालवणे निरर्थक. खरे मोजमाप वाइडबँड, म्हणजे रुंद पल्ल्याच्या सेन्सरचे, उदाहरणार्थ बॉशच्या एलएसयू ४.९ चे. हा सेन्सर ७८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ठेवावा लागतो. त्याचे टोक किमान १० अंश खाली झुकवून बसवावे, नाहीतर पाइपातले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकते. टर्बोच्या आधी बसवला तर धुराच्या दाबामुळे लीन आकडा जास्त लीन आणि रिच जास्त रिच दिसतो. मीटर बंद ठेवून सेन्सर पाइपात तसाच राहू दिला तर तो काजळीने मरतो, आणि चुकीचे सिलिकॉन सीलंटही त्याला विषासारखे बाधते.

ज्या मीटरला मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन लागते, तिथे सेन्सर काढून स्वच्छ हवेत धरावा. शेजारी गाडी चालू असलेल्या गॅरेजमध्ये हे काम केले, तर पुढचे सगळे आकडे त्या चुकीच्या पायावर उभे राहतात. मीटर आपला आकडा व्होल्टच्या रूपात ईसीयूला पाठवत असेल आणि मीटरवरचा व लॅपटॉपवर दिसणारा ईसीयूचा आकडा जुळत नसेल, तर अर्थिंग तपासावे. ० ते ५ व्होल्टला १० ते २० असे माप असेल, तर ०.१ व्होल्टच्या फरकाने आकडा ०.२ ने सरकतो. मीटरची अर्थ-वायर बॉडीला कुठेतरी न जोडता ईसीयूच्याच अर्थला न्यावी.

एवढे करूनही शंका उरली तर पीयूसी केंद्राचा उपयोग होतो. बीएस-४ या प्रदूषण-मानकापासूनच्या पेट्रोल गाड्यांना वाढवलेल्या आयडलवर, म्हणजे सुमारे २५०० आरपीएमला, लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो आणि तिथले यंत्र तो धुरातल्या चार वायूंवरून काढते. त्याच आरपीएमला मीटर वेगळेच काही सांगत असेल, आणि पाइप कुठे गळत नसेल, तर सेन्सर बदलण्याची वेळ आली आहे.