खाकी

खाकी : पिवळसर तपकिरी रंग, त्या रंगाचे जाड कापड आणि त्या कापडाचा गणवेश, या तिन्हींना मराठीत हा एकच शब्द चालतो. मूळ फार्सी ‘खाक’ म्हणजे माती, धूळ. हा रंग निवडला गेला तो माणूस मातीत लपावा म्हणून. आज तो घातला जातो तो माणूस गर्दीत चटकन ओळखू यावा म्हणून. खाकीच्या इतिहासातली सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच.

हॅरी लम्सडेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४६ मध्ये पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ हे पथक उभारले. वायव्य सरहद्दीच्या उघड्या डोंगरांत लाल डगले लांबून दिसत, म्हणून या पथकाने धुळकट कपडे स्वीकारले. १८५७ च्या उठावात अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढऱ्या ड्रिलचे (जाड सुती कापडाचे) कपडे चहा, चिखल, शाई, जे मिळेल त्यात बुडवून रंगवले. तो रंग टिकत नसे. धुण्यागणिक छटा बदले आणि एकाच तुकडीत कोणी पिवळट तर कोणी राखाडी दिसे. पक्क्या खाकीचे पेटंट इंग्लंडमध्ये १८८४ ला घेतले गेले. १८९७ पासून ब्रिटिश सैन्याला परदेशातील कामगिरीसाठी आणि १९०२ पासून मायदेशीही खाकी लागू झाली.

या खनिज खाकीत नेहमीच्या अर्थाने रंगद्रव्य नसते. कापड लोह व क्रोमियमच्या क्षारांच्या द्रावणातून काढून वाळवतात, मग उकळत्या सोड्याच्या पाण्यातून नेतात. दोन्ही धातूंची न विरघळणारी ऑक्साइडे धाग्यातच तयार होतात. लोहामुळे तांबूस-पिवळी झाक येते, क्रोमियममुळे हिरवट. प्रमाण बदलले की छटा बदलते. ऊन आणि धुणे हा रंग सोसतो, पण कापड खरखरीत होते आणि शिलाईच्या सुया लवकर बोथट होतात. पुढे व्हॅट रंगांनी, म्हणजे विरघळवून धाग्यात मुरवायच्या आणि तिथेच पक्क्या होणाऱ्या रंगांनी, त्याची जागा घेतली.

टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर व कापूस हे दोन धागे वेगवेगळ्या रंगांनी रंगवावे लागतात, आणि दोन्ही सारखे विटत नाहीत. शिवाय दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तुकडे उन्हात वेगळे दिसतात. म्हणून सदरा आणि पँट एकाच ताग्यातून कापावी, छटा बाहेर उजेडात पाहावी. सुती ड्रिल आटते. बेतण्याआधी रात्रभर भिजवून वाळवावे. टेरिकॉटला कडक इस्त्री थेट लावली की शिवणींवर चकाकी येते आणि ती जात नाही. उलट बाजूने किंवा वर ओलसर फडके ठेवून इस्त्री करावी.

महाराष्ट्रात ‘खाकी’ म्हटले की पोलीसच आठवतात. ‘वर्दीला डाग लागला’ असे म्हणताना कापड मनात नसते, अब्रू असते. मुंबई शहरात मात्र शिपायाचा डगला बराच काळ निळा आणि टोपी पिवळी होती. एसटीचे चालक-वाहक आणि रिक्षाचालक यांचीही ओळख खाकीनेच झाली. खाकी अर्धी चड्डी आणि पांढरा सदरा हा कितीतरी शाळांचा गणवेश, कारण मळ दिसत नाही आणि कापड वर्षभर टिकते. खाकी रंग घालणे गुन्हा नाही. लोकसेवक असल्याचे भासवण्याच्या हेतूने त्याचा वेश घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे.

फॅशनमध्ये खाकी मुख्यतः सैनिकांच्या अंगावरूनच आली. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेले अमेरिकी सैनिक १९४४ च्या कायद्याने मिळालेल्या सवलतीवर कॉलेजात गेले, ते चिनो, म्हणजे सैन्यातली सुती खाकी पँट घालूनच. तिथून ती नागरी पोशाखात रुळली. इव्ह सँ लोराँ याने १९६० च्या दशकाअखेरीस सफारी जॅकेट स्त्रियांच्या पोशाखात आणले. भारतात १९७० च्या दशकात सफारी सूट अधिकारी आणि पुढाऱ्यांमध्ये रूढ झाला. त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या मुळात हुद्द्याची चिन्हे लावायला आणि आडवा पट्टा घसरू नये म्हणून होत्या. चुणीचे खिसे सामान भरल्यावर फुगावेत म्हणून. ही कामे संपली तरी शिंपी ते सगळे शिवत राहिले, कारण त्या तपशिलांनीच अंगाला रुबाब येतो. पुढे मंत्र्यांच्या अंगरक्षकांनी हाच सफारी उचलला आणि तो पुन्हा गणवेशासारखा ओळखला जाऊ लागला.