लॅमिंग्टनच्या जंगलवाटा : पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यामागे, शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या सीमेला लागून जे डोंगर उभे आहेत, ते सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीच्या ट्वीड ज्वालामुखीचे अवशेष होत. त्याच्या बसाल्टवर वाढलेल्या उपोष्णकटिबंधीय वर्षावनातून आणि धबधब्यांच्या काठाने लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानातील १६० किलोमीटरहून अधिक पायवाटा जातात. इथल्या मूळनिवासी युगाम्बे लोकांचे या डोंगरांशी असलेले नाते हजारो वर्षांचे आहे. आजच्या आखीव वाटांचा इतिहास मात्र जेमतेम शतकभराचा असून तो सुरू होतो लाकूड आणि गुरे यांच्या धंद्यातील माणसांपासून.

रेड सीडरच्या लाकडासाठी लाकूडतोडे एकोणिसाव्या शतकातच पायथ्याच्या खोऱ्यांत शिरले होते. पशुपालक रॉबर्ट मार्टिन कॉलिन्स यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांचा दाखला देत १८९० च्या दशकापासून हे डोंगर राखून ठेवण्याची मागणी लावून धरली. १९०६ मध्ये कायदा झाला आणि १९०८ मध्ये जवळच्याच टॅम्बोरिन पर्वतावरील विचेस फॉल्स हे राज्याचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. पण लॅमिंग्टनचा निर्णय होण्याआधीच, १९१३ मध्ये, कॉलिन्स वारले. पुढची खटपट रोमिओ लेही या तरुण इंजिनिअरने केली. त्याच्या घरची कनंग्रा येथे लाकडाची गिरणी होती, म्हणजे जंगल तुटण्यातच घरचा फायदा होता. तरीही तो लोकांच्या सह्या गोळा करत फिरला. अखेर १९१५ च्या जुलैमध्ये उद्यान जाहीर झाले. नाव दिले गेले ते क्वीन्सलँडचे माजी गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे. हेच गृहस्थ १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि आपला लॅमिंग्टन रोडही त्यांच्याच नावाचा.

उद्यान झाले, तरी वाटा नव्हत्या. डोंगरावर १९११ पासून दुधाचा धंदा करणारे ओरायली कुटुंब उद्यानाने चहूबाजूंनी वेढले गेले. पाहुणे येऊ लागले, तसे त्यांनी १९२६ मध्ये अतिथिगृह उघडले. १९३० मध्ये स्थापन झालेल्या क्वीन्सलँडच्या राष्ट्रीय उद्यान संघटनेचे लेही पहिले अध्यक्ष झाले, आणि १९३३ मध्ये आर्थर ग्रूम यांच्यासोबत त्यांनी बिना बुरा येथे निवासस्थान सुरू केले. महामंदीच्या त्या दशकात हाताला काम नसलेल्या मजुरांनी कुदळ-फावड्याने उतार कापून बऱ्याचशा वाटा काढल्या.

या वाटांचा खरा विशेष त्यांच्या चढात आहे. दहा फूट चालल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढायचे नाही, हे लेहींचे सूत्र. दुभत्या गाई डोंगर कशा चढतात हे पाहून त्यांनी ते ठरवले, असे सांगितले जाते. सह्याद्रीतील ढोरवाटा ज्यांनी तुडवल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. अशा आखणीमुळे अंतर वाढते, वळणांमागून वळणे येतात आणि थेट कड्याला भिडण्याची सवय असलेला ट्रेकर कंटाळतोही. पण दम लागत नाही, आणि पावसाचे पाणी वाटेवरून सरळ धावून माती ओढून नेत नाही. बिना बुरा ते ओरायली ही सुमारे २१ किलोमीटरची सीमावाट दिवसभरात चालून होते, त्याचे श्रेय बरेचसे या आखणीला द्यावे लागेल.

१९८६ मध्ये न्यू साउथ वेल्समधील वर्षावनांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि १९९४ मध्ये त्या क्षेत्राचा विस्तार होऊन लॅमिंग्टनचाही त्यात समावेश झाला. सप्टेंबर २०१९ च्या वणव्यात बिना बुराची जुनी वास्तू जळून गेली. रस्त्याची दुरुस्ती होऊन तेथील मुक्कामाची सोय पुन्हा सुरू व्हायला साधारण वर्ष लागले.