हुशार मुलाच्या पालकाच्या हाती कोणता कागद आहे?

मुलीचं गणित वर्गाच्या दोन इयत्ता पुढे आहे, तासाला ती कंटाळून गप्प बसते नाहीतर खोड्या काढते, हे सांगायला आई शाळेत जाते. मुख्याध्यापक ऐकून घेतात, ‘हुशार आहे ना, मग काळजी कसली?’ म्हणतात आणि भेट तिथेच संपते. त्यांना दोष देऊन फारसं काही साधत नाही, कारण काही वेगळं करण्याचं बंधन त्यांच्यावर कुणी घातलेलंच नाही. हुशार मुलं शोधण्याची व्यवस्था आपण साठ वर्षांत बरीच उभी केली. शोधल्यानंतर त्यांना वर्गात काय द्यायचं, हे मात्र घरावर सोडून दिलं.

शोधण्याची साधनं तर स्वातंत्र्याआधीच आली होती. 1905 मध्ये पॅरिसला मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. तिचा रोख वरच्या टोकाच्या मुलांकडे वळला तो अमेरिकेत, मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांच्यामुळे. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली आणि 1940 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. मराठी मुलाची समज मराठीतून मोजणं तेव्हापासून शक्य आहे.

पुढे परीक्षा आल्या. चौथी-सातवीची स्कॉलरशिप, जी नंतर पाचवी-आठवीला गेली. 1963 पासून राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, जी आता स्थगित आहे. 1981 पासून होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. या परीक्षांनी कितीतरी मुलांना आत्मविश्वास दिला, हे मान्यच आहे. पण निकाल लागला, सत्कार झाला की मूल त्याच बाकावर, त्याच पुस्तकासमोर येऊन बसतं.

याला अपवाद ठरावा असा सर्वांत गंभीर प्रयत्न पुण्यात झाला. 1962 मध्ये आप्पा, म्हणजे डॉ. वि. वि. पेंडसे, यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. आधी वेगवेगळ्या शाळांतली निवडक मुलं शाळेबाहेरच्या वेळात एकत्र यायची. 1969 मध्ये स्वतःची प्रशाला निघाली. संस्थेच्या मानसशास्त्र विभागाने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर वर्षानुवर्षं काम केलं. एका बुद्ध्यांकावर न थांबता बुद्धीच्या अनेक पैलूंचा विचार व्हावा, ही त्यामागची भूमिका होती. प्रकल्प, सर्वेक्षणं, खेड्यांतली कामं हा तिथल्या शिक्षणाचाच भाग झाला, कारण तल्लख बुद्धी समाजाच्या उपयोगी पडावी असा आप्पांचा आग्रह होता. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. तरी त्याच्या जागा मोजक्याच आहेत. गडचिरोलीतल्या किंवा माण तालुक्यातल्या आईच्या प्रश्नाला तिथून उत्तर कसं मिळणार?

ग्रामीण मुलांसाठी सरकारने नवोदय विद्यालयं काढली. 1985-86 मध्ये पहिली दोन सुरू झाली, त्यातलं एक आपल्या अमरावतीत. सहावीपासून निवासी शिक्षण आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, ही मोठीच गोष्ट. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने वि. गो. कुलकर्णी यांच्या काळात महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांमधली गुणवत्ता शोधून तिची जोपासना करण्याचा उपक्रम केला. प्रज्ञा सुखवस्तू घरांतच जन्मते असं मानणाऱ्या प्रत्येकाने त्या कामाकडे बघायला हवं.

निवड झालेल्यांचं असं काही ना काही झालं. बाकीच्यांसाठी कायदा आहे का? 2009 चा शिक्षण हक्क कायदा प्रवेशासाठी चाळणी लावायला मनाई करतो आणि शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायला सांगतो. वंचित मुलांसाठी हे आवश्यकच होतं आणि त्यात तडजोड नको. पण वर्गाच्या पुढे गेलेल्या मुलाबद्दल तो काही बोलत नाही.

आवाज उठवला तर काय होतं, हे याच राज्यात दिसलेलं आहे. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखनात अडचण, असलेली मुलं आधी ‘आळशी’ आणि ‘ढ’ ठरायची. पालक, डॉक्टर आणि विशेष शिक्षक मागे लागले. 1996 मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच वर्षापासून राज्य सरकारने परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेला स्थान मिळालं. आज त्या मुलाच्या आईच्या हातातल्या प्रमाणपत्राला वजन आहे. अतिशय उच्च बुद्ध्यांकाच्या अहवालाने मात्र शाळेवर कसलंच बंधन येत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रज्ञा असलेल्या मुलांवर स्वतंत्र परिच्छेद आहे: मुलांची विषयवार मंडळं (क्लब), पूरक साहित्य, बी.एड.मध्ये या विषयाचं विशेष शिक्षण. पालकांनी शाळेत जाताना हा परिच्छेद छापून न्यावा; धोरण म्हणजे हक्क नव्हे, पण बोलणं सुरू करायला तो पुरतो. शाळा सोडून राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) दहावी करण्याचा विचार काही घरं करतात, तिथे किमान वय 14 वर्षं आहे, हे आधीच ध्यानात घ्यावं.

आणि काही मुलं दोन्हीकडची असतात: तर्क अफाट, लिहिताना मात्र हात अडखळतो. वर्गात ती मध्यम दिसतात, म्हणून ना सवलत मिळते ना आव्हान. अशा मुलाची तपासणी झाली की अहवालातले दोन्ही निष्कर्ष मुख्याध्यापकांपुढे ठेवावेत. लेखनासाठी जादा वेळ लेखी अर्जाने मागावा आणि त्याच अर्जात गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसू देण्याची विनंती करावी. अर्जाची पोच घ्यावी.