समसीमांत उपयोगिता नियम

ठरावीक उत्पन्नातून जास्तीत जास्त समाधान मिळावे म्हणून ग्राहक निरनिराळ्या वस्तूंवर खर्च कसा वाटतो, हे सांगणारा सूक्ष्म अर्थशास्त्रातील नियम. वस्तूच्या शेवटच्या नगाने एकूण समाधानात जी भर घातली ती तिची सीमांत उपयोगिता. तिला किमतीने भागून येणारा आकडा सगळ्या वस्तूंना सारखा आला, की ग्राहकाचा समतोल साधतो. नावातल्या ‘सम’वरून पैसे सारखे वाटायचे असे विद्यार्थी हमखास लिहितात. सारखे व्हायचे असते ते शेवटच्या रुपयाचे समाधान.

सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेनिमित्त होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो. तिथे एक पोरगा १२० रुपये घेऊन आला आहे असे धरू. पाळण्याची फेरी ४० रुपयांना, भजीची प्लेट २० रुपयांना (आकडे हिशेबाच्या सोयीचे). पाळण्याच्या तीन फेऱ्यांचे समाधान क्रमाने ८०, ४० आणि २०. भज्यांचे ४०, २० आणि ५. पोट भरत जाते, डोके गरगरू लागते, म्हणून आकडे घसरतात. सगळे पैसे पाळण्यावर उडवले तर एकूण १४०. दोन फेऱ्या आणि दोन प्लेटी घेतल्या तर १८०, आणि दोन्हीकडे शेवटच्या रुपयामागे समाधान १. पाळण्यावर ८० गेले, भज्यांवर ४०, तरी वाटणी बरोबर. खिशात ६० च असते, तर एक फेरी, एक प्लेट.

जर्मन लेखक हर्मान हाइनरिख गोसेन याने १८५४ मध्ये हे एका पुस्तकात मांडले, म्हणून याला गोसेनचा दुसरा नियमही म्हणतात. पुस्तक खपले नाही. त्याने उरलेल्या प्रती परत घेतल्या आणि १८५८ मध्ये तो वारला. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८७९ मध्ये त्याचे श्रेय जाहीरपणे मान्य केले. दुसरा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ मार्शल याचे (१८९०) उदाहरण मात्र सूतगिरण्यांच्या सोलापूरला जवळचे वाटावे: घरच्या लोकरीच्या सुताच्या लडी मोजे आणि बंड्या यांत कशा वाटायच्या, हा गृहिणीचा हिशेब.

समाधान आकड्यांत मोजता येत नाही, हा यावरचा मोठा आक्षेप. हिक्स आणि ॲलन या अर्थशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये नुसत्या पसंतीक्रमावर, समवृत्ती वक्रांच्या (सारखेच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या दाखवणाऱ्या रेषांच्या) आधारे तोच समतोल दाखवला. दुसरी अडचण नगांची. शेंगाचटणी पावशेर घेता येते, छटाकभरही. चादर मात्र अख्खीच घ्यावी लागते, त्यामुळे भागाकार तंतोतंत जुळत नाहीत. वाण्याकडे उधारीचे खाते असले, तर दुकान बदलण्याचीही मोकळीक उरत नाही, आणि खर्च हवा तसा वाटता येत नाही.