काळा पडदा म्हणजे कुलूप नव्हे

डेस्कटॉपवर उजवी क्लिक करा, मेन्यू उघडेल. तो तसाच उघडा ठेवून स्क्रीन आपोआप लॉक होण्याची वेळ भरू द्या. लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या 'एक्स-११' प्रणालीच्या सत्रात अनेक लॉकर (स्क्रीनला कुलूप लावणारे प्रोग्राम) इथेच अडतात. पडदा काळा होतो, पण माउस हलवला की मेन्यूसकट सगळा डेस्कटॉप पुन्हा समोर.

याचं कारण एक्सच्या रचनेतच आहे. कीबोर्ड आणि माउस पूर्ण ताब्यात घेण्याला तिथे 'ग्रॅब' म्हणतात आणि तो एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. बाहेर कुठेही क्लिक झाली की आपल्याला बंद व्हायचंय, म्हणून उघडा मेन्यू ग्रॅब धरून बसतो. लॉकर तोच मागायला जातो, तेव्हा एक्सचा सर्व्हर सांगतो की तो आधीच दिलेला आहे. ग्रॅब न मिळताही कुलूप लावलं, तर टाइप केलेला पासवर्ड मागच्या खिडकीत जाऊ शकतो. म्हणून चांगला लॉकर अशा वेळी लॉक करायचंच नाकारतो. एक्सचा जन्म १९८४ मध्ये एमआयटीत झाला, अकरावी आवृत्ती १९८७ ची. त्या रचनेत लॉकरला खास दर्जा नाही, तो इतरांसारखाच एक प्रोग्राम. तो कोसळला की कुलूपच गेलं. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर हेच उघडकीला आलं: लॉक पडद्यावरच्या आभासी कीबोर्डवर एक विशिष्ट अक्षर दाबलं की लॉकर कोसळायचा आणि डेस्कटॉप उघडा पडायचा.

एक्सची जागा घेणाऱ्या नव्या वेलँडमध्ये हे उलटं आहे. तिथे कुलूप पडदा रंगवणाऱ्या कंपोझिटरच्या हातात असतं. स्वे-सारख्या कंपोझिटरसाठी २०२२ मध्ये सेशन-लॉकचा (सत्राला कुलूप लावण्याचा) वेगळा प्रोटोकॉल आला. त्यात लॉकर मेला तरी सत्र बंदच राहतं, स्वे तर पूर्ण लाल पडदा दाखवतो. लाल पडदा पाहून घाबरू नका, त्याचा अर्थ संरक्षण टिकलं. निवड करता येत असेल, तर केवळ या एका कारणासाठी वेलँड घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता दुरुस्ती. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) पहिली चाचणी एकच: 'लॉगिनसीटीएल लॉक-सेशन'. लॉक झालं तर लॉकर ठीक आहे, बिघाड त्याला हाक मारणाऱ्या भागात. काहीच झालं नाही तर हाक ऐकणारंच कुणी नाही, कारण ही आज्ञा स्वतः कुलूप लावत नाही. लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचा लॉगिनडी (लॉगिन सत्रांवर नजर ठेवणारा भाग) फक्त 'लॉक' असा संदेश सोडतो. आय-थ्री किंवा ओपनबॉक्ससारख्या हलक्या विंडो मॅनेजरवर तो ऐकायला एक्सएसएस-लॉक लागतो, स्वेवर स्वेआयडल. ग्नोम डेस्कटॉपमध्ये वेगळीच मेख आहे: त्याचं लॉक जीडीएम या लॉगिन मॅनेजरवर अवलंबून असतं. त्याऐवजी लाइटडीएम हा दुसरा लॉगिन मॅनेजर बसवला असेल तर सेटिंग कितीही बदला, लॉक होणार नाही. एक्सएफसीई डेस्कटॉपवर दोन लॉकर एकदम चालू नाहीत ना, हे बघा. असतील तर एक काढून टाका.

हाताने लॉक होतं पण वेळ भरल्यावर होत नाही? मग कुणीतरी अडवतंय, बहुधा व्हिडिओ चालू असलेला ब्राउझर. 'सिस्टमडी-इनहिबिट --लिस्ट' आणि ग्नोमवर 'ग्नोम-सेशन-इनहिबिट --लिस्ट' चालवलं की अडवणाऱ्याचं नाव कळतं.

सर्वांत फसवी तक्रार झाकणाची: लॅपटॉप झोपला, उघडल्यावर मात्र डेस्कटॉप उघडाच. झोपण्याआधी लॉगिनडी सर्वांना सूचना देतो आणि थांबायला सांगणाऱ्यांसाठी थांबतो, पण मूळ सेटिंगनुसार फक्त ५ सेकंद. तेवढ्यात लॉकर उभा राहिला नाही तर यंत्र झोपतंच. 'जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-लॉगिनडी' पाहा. डिले लॉक (झोप लांबवण्याची विनंती) सक्रिय असूनही इनहिबिटरची (अडवणाऱ्याची) मुदत संपली, अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर चोर सापडला. लॉगिनडी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधलं 'इनहिबिटडिलेमॅक्ससेक' वाढवता येतं, पण खरा उपाय लॉकर नीट जोडणं. एक्सएसएस-लॉकला '--ट्रान्सफर-स्लीप-लॉक' आणि आय-थ्रीच्या आय३लॉक या लॉकरला '--नोफोर्क' द्या, म्हणजे कुलूप प्रत्यक्ष लागेपर्यंत झोप रोखण्याचा हक्क लॉकरकडेच राहतो. स्वेआयडलला '-डब्ल्यू' आणि स्वेच्या स्वेलॉक या लॉकरला '-एफ' द्या (दोन्ही अक्षरं लहान लिपीतली). इथे '-एफ' विसरलात तर पासवर्ड टाकेपर्यंत स्वेलॉक परतत नाही आणि झोप उगाच ५ सेकंद लांबते.

बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर झाकण बंद केल्यावर काहीच होत नाही. हा बिघाड नव्हे: लॉगिनडी.कॉन्फमधल्या 'हँडललिडस्विचडॉक्ड'चं मूळ मूल्य 'इग्नोर' आहे. ते 'लॉक' करून यंत्र रीस्टार्ट करा. तरीही फरक पडला नाही तर इनहिबिट यादीत 'हँडल-लिड-स्विच' शोधा. तो असेल तर झाकणाचा ताबा डेस्कटॉपने घेतलाय आणि सेटिंग त्याच्या पॉवर विभागात बदलावं लागेल.

उलटी अडचणही येते: कुलूप लागतं, पण बरोबर पासवर्ड चालत नाही. मराठी लिहिणाऱ्यांनी आधी कीबोर्ड तपासावा. इनस्क्रिप्ट ही देवनागरी मांडणी चालू असताना लॉक झालं तर ठिपक्यांआड देवनागरी अक्षरं जात असतात. लॉक पडद्यावर भाषेचं बटण असेल तर ते बदला. नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर लॉगिन करून पाहा. तिथे तोच पासवर्ड चालला तर दोष कीबोर्डच्या मांडणीत किंवा लॉकरच्या पॅम (पासवर्ड तपासणारी यंत्रणा) फाइलमध्ये आहे. सोर्सवरून बांधलेल्या स्वेलॉकची 'ईटीसी/पॅम.डी'मधली फाइल राहून गेली की हाच प्रकार होतो. दोन्हीकडे नकार आला तर पॅम_फेललॉक आठवा, म्हणजे चुकीच्या पासवर्डांनंतर खातं बंद करणारा पॅमचा भाग. तो चालू असलेल्या लिनक्स वितरणांत मूळ सेटिंगनुसार ३ चुकांनंतर खातं १० मिनिटं बंद होतं. थांबा, किंवा रूट (प्रशासक) खात्याकडून 'फेललॉक --यूझर' पुढे नाव आणि '--रीसेट' चालवा. केडीई डेस्कटॉपचा लॉकर मोडला तर पडद्यावरच सूचना येते: दुसऱ्या टर्मिनलवर जाऊन 'लॉगिनसीटीएल अनलॉक-सेशन' आणि सत्राचा क्रमांक द्या.

टर्मिनलवरून 'स्टार्टएक्स' लिहून डेस्कटॉप चालवणाऱ्यांच्या कुलपामागे आणखी एक दार असतं. एक्स कोणत्याही कारणाने बंद पडला की मागची लॉगिन केलेली शेल (टर्मिनलमधला आज्ञा घेणारा प्रोग्राम) समोर येते, पासवर्डशिवाय. त्याऐवजी 'एक्झेक स्टार्टएक्स' लिहा. मग शेलची जागा एक्सच घेतो आणि तो संपला की लॉगिनचा प्रॉम्प्ट येतो.