परीक्षा काट्याची, मावशींची नव्हे

जळगावच्या आमच्या दुकानात, भाजीविभागातल्या वजनकाट्यासमोर, रावेरकडच्या एक मावशी उभ्या होत्या. भरताची दोन वांगी काट्यावर ठेवलेली होती, पडद्यावर वजन आणि किंमत उमटलेली होती आणि मावशींची नजर मात्र चिठ्ठी बाहेर येते त्या फटीवर खिळलेली होती. पडद्याच्या तळाशी एक हिरवे बटण होते आणि त्यावर 'पुष्टी करा' असे लिहिलेले होते. मी दोन पावलांवर वही घेऊन उभी होते, पण काही सुचवायचे नाही हा आमच्या कामाचा पहिला नियम असल्याने गप्प राहिले. बऱ्याच वेळाने त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "आते काय करू?" आणि मग माझ्याकडे वळून ओशाळून म्हणाल्या, "माले येत नही."

त्यांना मी सांगितले ते प्रत्येक चाचणीच्या आधी सांगते आणि बहुधा नंतरही सांगावे लागते: परीक्षा काट्याची आहे, तुमची नाही.

मी किरकोळ विक्रीच्या एका मोठ्या कंपनीत युझेबिलिटी लॅब, म्हणजे वापरसुलभतेची प्रयोगशाळा, चालवते. एखादे काम ठरावीक माणसांना ठरावीक परिस्थितीत पूर्ण करता येते का, त्यासाठी किती वेळ आणि श्रम लागतात आणि ते करताना समाधान वाटते का, या तीन कसोट्या आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात दिल्या आहेत. त्यातला 'परिस्थिती' हा शब्द आमच्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. पुण्यातल्या लॅबमध्ये दोन खोल्या, हातांच्या हालचाली टिपणारा कॅमेरा आणि खोटे बिलिंग काउंटरही आहे. पण कडेवर मूल, हातात दोन पिशव्या आणि मागे खोळंबलेली रांग ही परिस्थिती तिथे उभी करता येत नाही, म्हणून वर्षातून काही वेळा लॅबच उचलून जळगाव-धुळ्याला न्यावी लागते.

आमचे मुख्य उपकरण कॅमेरा नसून ग्राहकाचे बोलणे आहे. काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचे, ही पद्धत संगणकाच्या क्षेत्रात क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये आयबीएममध्ये असताना मांडली. तिच्यामागचा मानसशास्त्रीय पाया अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांच्या १९८० च्या लेखात आहे. मनात शब्दरूपाने चाललेले तसेच ओठांवर आले तर विचारांची वाट फारशी बदलत नाही, परंतु माणसाला कारणे द्यायला किंवा स्पष्टीकरण करायला लावले की ती बदलते, असे त्यांचे प्रतिपादन होते. खान्देशात मला याचा अर्थ नव्याने कळला. सुरुवातीला आम्ही सूचना प्रमाण मराठीत देत असू, आणि घरी अहिराणी बोलणारी माणसे उत्तरेही जपून, शुद्ध मराठीत देत. मनातले आधी भाषांतरित करायचे आणि मग बोलायचे, या ओझ्याखाली ती हळूहळू गप्पच होत. आता चाचणी घ्यायला अहिराणी बोलणारी सहकारी असते आणि पहिले वाक्य तिचे अहिराणीतच असते. लॅबसाठी केलेल्या कोणत्याही खरेदीपेक्षा हा बदल मला अधिक उपयोगी पडला आहे.

किती माणसे पुरतात, हा प्रश्न वरिष्ठ नेहमी विचारतात. याकोब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एका व्यक्तीच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष सापडतात. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८४ टक्के दोष उघड होतात. मात्र दहातल्या एकालाच अडवणारा दोष असेल, तर तो पाच जणांच्या फेरीत दिसण्याची शक्यता ४१ टक्केच उरते. शिवाय पाचही जण पुण्याचे असतील तर यावल-चोपड्याच्या ग्राहकाची अडचण त्यांच्यात शोधून सापडणार कशी? म्हणून एकदाच वीस माणसे बोलावण्यापेक्षा वेगवेगळ्या गावी पाच-पाच जणांच्या फेऱ्या घ्याव्यात आणि मधल्या काळात दुरुस्त्या कराव्यात, असे माझे ठाम मत आहे.

जॉन ब्रुक यांची १९८६ ची वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची प्रश्नावलीही आम्ही भरून घेतो, परंतु पाहुण्याला नाराज न करण्याची रीत आमच्याकडे इतकी मुरलेली आहे की तीनदा अडलेला माणूसही चांगले गुण देऊन मोकळा होतो. त्यामुळे आकड्यापेक्षा हवेत थबकलेल्या बोटावर माझा अधिक विश्वास आहे.

मावशींचे चित्रीकरण पाहताना सॉफ्टवेअर लिहिणारा आमचा तरुण सहकारी आधी म्हणाला, "बटण तर समोरच आहे." तिसऱ्या ग्राहकाचीही नजर त्याच फटीकडे गेल्यावर त्याने मुकाट्याने लॅपटॉप उघडला आणि त्या बटणावर 'चिठ्ठी काढा' असे शब्द घातले. दुपारच्या पाचही जणांनी ते न अडखळता दाबले.

हा बदल सर्व दुकानांत दिवाळीनंतरच जाईल, कारण सणाच्या गर्दीत काउंटरच्या सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही असा आमचा शिरस्ता आहे. निघताना पाहिले, तर त्याच दुकानातल्या दुसऱ्या काट्यावर भाजीविभागातल्या मुलीने वहीचा कागद चिकटवला होता आणि त्यावर स्केचपेनने लिहिले होते, "चिठ्ठीसाठी हिरवं बटण दाबा". कागदाच्या कडा काळ्या पडल्या होत्या, म्हणजे तो बरेच दिवस तिथे असावा. आता कोणत्याही दुकानात शिरल्यावर मी आधी असे चिकटवलेले कागद शोधते आणि त्यांचे फोटो काढून ठेवते.