ठासणीचं रिव्हॉल्व्हर घरी घासायचं-रंगवायचं असेल तर: ब्रिटनमधला परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

दिवाळीला घरी आलेल्या मंडळींना मी माझं 1851 नेव्ही, म्हणजे कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची नक्कल, दाखवलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे म्युझियममधून आणलंस का?" ते इटलीत बनलेलं आहे आणि वयाने माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान आहे. कारखान्यातून आलं तेव्हा नव्या स्टीलच्या डब्यासारखं चकचकीत होतं. चकाकी उतरवून ते दीडशे वर्षं वापरल्यासारखं दिसेपर्यंत माझा एक अख्खा हिवाळा गेला. दुसरा प्रश्न असतो, "मलाही असं करायचंय, काय काय लागतं?" त्याचं उत्तर चहाचा कप संपेपर्यंत देता येत नाही, म्हणून इथे लिहितो. अनुभव इंग्लंडचा आहे. स्कॉटलंडमध्ये कायदा बराचसा हाच, उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी.

आधी वस्तू कोणती ते सांगतो. आपल्याकडे ठासणीची बंदूक म्हणतात ना, तोंडातून दारू ओतायची, गोळी ठासायची, तोच प्रकार रिव्हॉल्व्हरमध्ये. फक्त इथे दारू आणि शिशाची गोळी सिलिंडरच्या पुढच्या तोंडातून एकेका कप्प्यात भरतात, नळीखालच्या दांड्याने दाबतात आणि मागच्या बाजूला प्रत्येक कप्प्याच्या निपलवर, म्हणजे बारीक भोकाच्या टोकावर, एक छोटी तांब्याची टोपी बसवतात. काडतूस नाहीच. कोल्टच्या आणि रेमिंग्टनच्या जुन्या नमुन्यांच्या नकला उत्तर इटलीतल्या ब्रेशिया शहराच्या परिसरात बनतात. उबेर्ती आणि पिएत्ता ही नावं तिथलीच. कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, बहुधा .36 किंवा .44.

13 मार्च 1996 ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत 16 मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर 1997 मध्ये दोन कायदे झाले आणि खाजगी हातातली पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर जवळपास सगळी बंद झाली. ठासणीची मात्र वगळली. कायद्याची व्याख्या साधी आहे: सुटी दारू आणि वेगळी गोळी नळीच्या किंवा कप्प्याच्या तोंडातून भरण्यासाठी बनवलेलं हत्यार. म्हणजे बंदी नाही, पण मोकळीकही नाही. 1968 च्या फायरआर्म्स कायद्याच्या कलम 1 खाली पोलिसांचा परवाना लागतोच. "जुन्या मॉडेलची नक्कल आहे, म्हणजे अँटिकच की" हा समज डोक्यातून काढून टाका. कलम 58 ची अँटिकची सूट खरोखर जुन्या आणि शोभेसाठी ठेवलेल्या हत्यारांना आहे. गेल्या वर्षी कारखान्यातून निघालेल्या नकलेला ती मिळत नाही.

परवान्याच्या भानगडीत पडायचंच नसेल तर एक सोपी वाट आहे, आणि ज्यांना फक्त घासण्या-रंगवण्यात रस आहे त्यांना मी तीच सुचवतो. न उडणारी, शोभेची मॉडेलं मिळतात. आधुनिक हत्यारासारखी हुबेहूब दिसणारी नक्कल विकायला 2006 च्या कायद्याने मनाई आहे, पण ज्यांचा घाट 1870 च्या आधीचा आहे अशा हत्यारांच्या नकला त्या मनाईत येत नाहीत. 1851 नेव्हीचं शोभेचं मॉडेल वय 18 पूर्ण असलेल्या कुणालाही घेता येतं. ते उडतं करण्याचा प्रयत्न मात्र गंभीर गुन्हा आहे. आणि ते हातात घेऊन रस्त्यावर फिरू नका. खोटं असलं तरी बाहेर नेण्याबद्दल शिक्षा आहे, शिवाय समोरच्या पोलिसाला ते खोटं आहे हे माहीत नसतं.

पात्रता: आधी नेमबाज व्हा

खरं, उडणारं हवं असेल तर पहिली अडचण इथेच येते. अर्जात योग्य कारण द्यावं लागतं, आणि "मला त्याची पॉलिश बदलायची आहे" हे योग्य कारण नाही. कायद्याच्या लेखी असा छंदच नाही. चालणारं कारण म्हणजे निशाणेबाजी, तीही गृहखात्याची मान्यता असलेल्या क्लबात, जिथे ठासणीच्या पिस्तुलांना मान्यता आहे. त्यामुळे सुरुवात फॉर्मपासून नाही, क्लबापासून होते. 1952 पासून चालत आलेली मझल लोडर्स असोसिएशन ऑफ ग्रेट ब्रिटन ही या मंडळींची मुख्य संघटना. तिच्याकडून जवळच्या क्लबचा पत्ता मिळतो.

क्लबात जुन्या सदस्याने तुमची शिफारस करावी लागते. मग किमान 3 महिने उमेदवारी. या काळात नियमित यायचं, क्लबची हत्यारं वापरायची, कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवतं. आल्या दिवशीच कलम 21 खालचं एक निवेदन सही करून घेतात. ज्यांना 3 वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झाली आहे त्यांना आयुष्यभर बंदी असते, 3 महिने ते 3 वर्षं झाली असेल तर सुटकेनंतर 5 वर्षं. आपल्याला त्याचा काय संबंध असं वाटतं, पण सही न वाचता करू नका. खोट्या माहितीवर परवाना मागणं हाच गुन्हा आहे.

उमेदवारीचा काळ वाया जातो असं मला वाटायचं. तसं नाही. काळी बारूद किती घाण करते हे तिथेच कळलं. सहा गोळ्या झाडल्या की सिलिंडर चिकटायला लागतं, बोटं काळी होतात, सडक्या अंड्याचा वास कपड्यांना लागतो आणि त्याच संध्याकाळी धुतलं नाही तर सकाळी गंज. महिन्याच्या कष्टाने केलेली पॉलिश एका आळसाच्या रात्रीत जाते.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज तुमच्या भागातल्या पोलीस दलाच्या फायरआर्म्स लायसन्सिंग विभागाकडे करायचा. बहुतेक दलं तो ऑनलाइन घेतात. फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या परवान्याची फी 88 वरून 198 पौंड झाली. भरण्याआधी चालू आकडा दलाच्या पानावर बघून घ्या. परवाना 5 वर्षांचा असतो.

ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, आधीच्या राहण्याच्या जागा आणि सगळ्या शिक्षा, म्हणजे वेगाने गाडी चालवल्याच्या दंडासकट, अर्जात लिहायच्या. क्लबचं नाव आणि सदस्यत्व लागतं, कारण ते परवान्यावरच अट म्हणून छापलं जातं. हवं असलेलं प्रत्येक हत्यार वेगळं मागायचं: कॅलिबर, प्रकार, कारण. ".44 मझल-लोडिंग रिव्हॉल्व्हर, 1" असं. परवानगी जेवढ्यांची, तेवढीच घेता येतात. पुढे अजून एक हवं झालं तर परवान्यात बदलासाठी नवा अर्ज. म्हणून सुरुवातीलाच नीट विचार करा, आणि सुट्या भागांचा विचार तर नक्कीच करा. ते का, ते पुढे सांगतो.

संदर्भासाठी दोन माणसं लागतात. त्यांनी तुम्हाला किमान 2 वर्षं ओळखलेलं हवं, ती ग्रेट ब्रिटनमध्ये राहणारी हवीत. जवळचे नातेवाईक, पोलिसांत काम करणारे आणि शस्त्रविक्रेते चालत नाहीत. भारतातून नुकतं आलेल्यांचं घोडं इथे अडतं. ऑफिसमधला सहकारी किंवा मंडळातला जुना ओळखीचा चालतो, पण त्याला आधी विचारा. पोलिसांचा फोन अचानक आला की भल्याभल्यांची बोबडी वळते.

वैद्यकीय कागद हा सगळ्यात वेळ खाणारा भाग. 1 नोव्हेंबर 2021 पासून डॉक्टरांची माहिती आल्याशिवाय परवाना देतच नाहीत. फॉर्म तुमच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, द्यायचा. ते नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार, दारू-अमली पदार्थ, मेंदूचे आजार यांबद्दल नोंदी बघून लिहितात, आणि त्याचे पैसे घेऊ शकतात. पूर्वी कधी नैराश्याच्या गोळ्या घेतल्या म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. ते लपवलं तर मात्र फेटाळला जाण्याची शक्यता दाट.

मग घरभेट. आमच्याकडे आलेल्या अधिकारी बाईंनी चहा नको म्हटलं आणि सरळ कपाटाकडे गेल्या. कपाट म्हणजे बीएस 7558 दर्जाचं स्टीलचं, विटांच्या भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून चांगलं हलवून पाहिलं. हललं नाही. मी मनात खूश. मग त्यांनी विचारलं, "किल्ली कुठे ठेवणार?" मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज, "देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये!"

परवाना माझ्या नावाचा, म्हणजे किल्लीपर्यंत फक्त मीच पोहोचू शकलो पाहिजे. घरातल्या दुसऱ्या कुणाला किल्लीची जागा माहीत असणं म्हणजे हत्यार त्यांच्या ताब्यात असल्यासारखंच. नंबर फिरवून उघडायची छोटी तिजोरी घेतली, तिचा फोटो पाठवला, मग फाइल पुढे सरकली.

बारुदीचा कागद वेगळा. काळी बारूद स्फोटक आहे, म्हणून एक्स्प्लोझिव्ह्स रेग्युलेशन्स 2014 खाली पोलिसांकडूनच ती घेण्याचा आणि बाळगण्याचा दाखला घ्यावा लागतो. परवान्याच्या अर्जासोबतच मागा, दोन खेपा वाचतात. ठेवायला कप्पे केलेली जाड प्लायवुडची पेटी लागते, आग लागलीच तर सगळी बारूद एकदम उडू नये म्हणून. ती लोखंडी कपाटात कोंबू नका.

खरेदी आणि त्यानंतर छंद

हत्यार हातोहातच घ्यायचं असतं. दूरच्या दुकानातून घेतलं तर ते तुमच्या गावातल्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे येतं आणि तो तुमच्या परवान्यावर नंबरासकट नोंद करून देतो. 7 दिवसांच्या आत पोलिसांना कळवायचं.

आता कानस आणि पॉलिश पेपर बाहेर काढण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कायदा हत्याराचे दोन भाग पाडतो. स्फोटाचा दाब सोसणारे भाग, म्हणजे नळी, सिलिंडर आणि फ्रेम, हे सुटे असले तरी कायद्याने हत्यारच. सुटं सिलिंडर घ्यायचं तर परवान्यावर त्याची वेगळी परवानगी हवी. लाकडी मूठ, चाप, स्क्रू, स्प्रिंगा, मुठीमागची पितळी पट्टी यांना काहीच लागत नाही. टपालाने मागवा, दिवाणखान्यात घासा, मित्राला भेट द्या.

म्हणून नवशिक्याने मुठीपासून सुरू करावं. इटालियन अक्रोडाच्या लाकडावर लालसर, काचेसारखा जाड वॉर्निश असतो. तो उतरवला की खाली छान रेषा निघतात. मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हाताला एक दिवस सुकायला. तेलाच्या चिंध्या गोळा करून कचऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. बाहेर तारेवर पसरून वाळू द्या. पितळी भागांवरचा लॅकर काढला की धूर आणि घामाने ते आपसूक काळवंडतात.

नळीवरचा निळा-काळा थर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही मिनिटांत निघतो. बुडवण्याआधी पितळ वेगळं करा, आणि मधूनमधून बाहेर काढून बघत राहा. सिलिंडरवर हात हलका ठेवा. नेव्हीच्या सिलिंडरवर 16 मे 1843 च्या कांपेचेच्या नौकायुद्धाचं चित्र असतं आणि नकलांवर ते फार उथळ छापलेलं असतं. माझ्या पहिल्या सिलिंडरवरची दोन जहाजं पॉलिश पेपरने बुडवली, शत्रूने नाही.

फ्रेम मात्र आचेवर धरू नका. घोड्याच्या, म्हणजे टोपीवर आपटणाऱ्या भागाच्या, खाचाही कानशीने घासू नका. वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की घोडा अर्ध्यावर थांबायचा तो थांबत नाही.

अमेरिकेत काही जण नळीवरचे आधुनिक शिक्के घासून काढतात, जुनं वाटावं म्हणून. ब्रिटनमध्ये हे महागात पडेल. त्या शिक्क्यांत दाबचाचणीच्या खुणा असतात, काळ्या बारुदीसाठी इटलीची "पीएन" ही अक्षरंही. 1868 च्या प्रूफ कायद्यानुसार चाचणीची वैध खूण नसलेलं हत्यार विकता येत नाही. खूण गेली किंवा नळी पातळ झाली तर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसकडे पुन्हा चाचणी. नंबर तर अजिबात घासू नका, परवान्यावर तोच आहे.

स्वतःच्या हत्याराचं काम स्वतः करायला वेगळी नोंदणी लागत नाही. पण पैसे घेऊन दुसऱ्याचं करायला गेलात की तो धंदा झाला, आणि धंद्याला विक्रेता म्हणून नोंदणी हवी. उलट बाजूही लक्षात ठेवा. मला फ्रेमवर निकेल चढवायचं होतं. गावातल्या प्लेटिंगवाल्याने फोटो पाहूनच हात झटकले आणि तो बरोबर होता. शस्त्रविक्रेता म्हणून नोंदणी नसलेल्या दुकानात फ्रेम ठेवून येणं म्हणजे दोघांनीही गुन्हा करणं. बंदुकांचं काम करणाऱ्या नोंदणीकृत कारागिराकडेच द्या, भाव जास्त असला तरी.

काडतूस बसवायचं तयार सिलिंडर मिळतं, अमेरिकेत सर्रास. ब्रिटनमध्ये ते बसवलं त्या क्षणी तुमचं रिव्हॉल्व्हर ठासणीचं राहत नाही आणि 1997 च्या बंदीत जाऊन पडतं.

भारतात नेण्याचं तर नावच काढू नका. तिथे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आयातीचा वेगळा, आणि दुरुस्ती-फेरफाराचाही वेगळा. पुण्याच्या मंडळींना मी फोटोच दाखवतो.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 8 आठवडे आधी पोहोचला पाहिजे. तसा पोहोचला आणि निर्णय वेळेत झाला नाही, तर परवाना आपोआप 8 आठवड्यांपर्यंत वाढतो. उशिरा पोहोचला तर तारीख उलटल्यावर तेच रिव्हॉल्व्हर कपाटात बिनपरवाना पडलेलं असतं. माझी तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहिलेली आहे, एवढं बायकोला माहीत असलं तरी चालतं.